फॅमिकॉमला हात लावू नका, असं सांगणाऱ्यांना

जुन्या गेमिंग यंत्रांच्या संग्राहकांमध्ये एक मत चांगलंच रुजलं आहे. निन्टेन्डोचा फॅमिकॉम, किंवा त्याचंच अमेरिका-युरोपातलं रूप असलेला एनईएस, उघडून त्यात चित्र सुधारणारा बोर्ड बसवणं म्हणजे ऐतिहासिक वस्तूची नासधूस, असं हे मत सांगतं. यंत्र कारखान्यातून जसं आलं तसंच राहू द्या. चित्र धूसर दिसतं तर ते धूसरच दिसायला हवं, कारण चित्रकारांनी त्या धूसरपणाचा हिशेब धरूनच चित्रं काढली होती. लख्ख चित्राची एवढी हौस असेल तर संगणकावर एम्युलेटर चालवा.

हे म्हणणाऱ्यांची यंत्रावरची माया खरी आहे, म्हणून त्यांना नीट उत्तर द्यायला हवं. माझं म्हणणं असं की त्या मायेनं यंत्राचा चुकीचा भाग उराशी धरला आहे. फॅमिकॉममधलं जपण्याजोगं जे आहे ते चिपच्या आत घडतं. तिथून टीव्हीपर्यंतच्या वाटेवर ते बिघडतं, आणि ती वाट कशी असावी हे ठरवलं ते किमतीनं आणि त्या काळच्या टीव्हीनं. चित्र सुधारणारा बोर्ड बसवण्याचा हा बदल, म्हणजे आरजीबी मॉड, फक्त ती वाट बदलतो.

या वादात चिपबद्दल फारसं कोणी बोलत नाही, तर तिथूनच सुरुवात करू. फॅमिकॉम १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये विक्रीला आला. किंमत १४,८०० येन. मासायुकी उएमुरा यांच्या चमूनं त्याची रचना केली आणि किंमत खाली ठेवणं ही तिची पहिली अट होती. चित्राचं काम रिकोह कंपनीच्या २सी०२ या चिपकडे होतं; तिला पीपीयू म्हणतात. नंतरच्या बहुतेक कन्सोलमध्ये चित्र आधी लाल, हिरवा आणि निळा अशा तीन वेगळ्या सिग्नलमध्ये, म्हणजे आरजीबीमध्ये, बनतं, आणि मग दुसरी एक चिप ते तिन्ही कालवून टीव्हीसाठी एकच सिग्नल करते. २सी०२ मध्ये ही पायरीच नाही. पडद्यावरचा प्रत्येक ठिपका तिच्या लेखी एक सहा बिटांचा क्रमांक असतो. चार बिट छटा सांगतात, दोन बिट उजेडाची पातळी. त्या क्रमांकावरून ती थेट कॉम्पोझिट, म्हणजे सगळं एकत्र कालवलेली, लहर तयार करते आणि एकाच पिनमधून, एकविसाव्या, बाहेर सोडते. निन्टेन्डोच्याच पुढच्या सुपर फॅमिकॉमला नुसती केबल बदलून जे चित्र मिळतं ते फॅमिकॉमला उघडल्यावाचून मिळत नाही, त्याचं कारण हे.

आता ती लहर कुठे बिघडते ते पाहा. जपान-अमेरिकेच्या एनटीएससी पद्धतीत रंगाची माहिती ३.५८ मेगाहर्ट्झच्या लहरीवर बसून येते. पीपीयू सेकंदाला सुमारे ५३.७ लाख ठिपक्यांच्या गतीनं चित्र बाहेर काढते. हिशेब केला तर रंगलहरीच्या एका आवर्तनात दीड ठिपका बसतो. म्हणजे एक ठिपका रंगलहरीचं एक आवर्तनसुद्धा पुरं करत नाही, दोन-तृतीयांशातच संपतो. टीव्हीला कुठल्याच ठिपक्याचा रंग त्या ठिपक्यापुरता वाचता येत नाही, तो शेजाऱ्याकडून उसना घ्यावा लागतो. मारिओच्या टोपीचा लाल रंग टोपीबाहेर ओघळतो तो यामुळे. सरळ उभी कड करवतीच्या दात्यांसारखी दिसते, कडेवरून ठिपके सरपटत राहतात, बारीक उभ्या रेघांमध्ये कोणी न निवडलेले रंग उगवतात, तेही यामुळेच. इतकं झाल्यावर फॅमिकॉम हा सिग्नल आवाजासकट टीव्हीच्या चॅनलवर चढवतो आणि टीव्ही तो पुन्हा उतरवतो. मूळ फॅमिकॉमला याशिवाय दुसरं आउटपुटच नव्हतं.

आणि चिपच्या आत काय होतं? २५६ गुणिले २४० ठिपक्यांचा पडदा. पार्श्वभूमीच्या प्रत्येक १६ गुणिले १६ च्या चौकोनाला चार रंगांचा एक संच, त्यातला एक रंग सगळ्या चौकोनांना सामाईक. हलणाऱ्या आकृत्यांना प्रत्येकी तीन रंग. एका वेळी पडद्यावर २५ च्या वर रंग सहसा येत नाहीत. या काटकसरीत काम करणाऱ्या चित्रकारासाठी एक ठिपका म्हणजे एक निर्णय होता. मारिओला मिशी आली कारण तेवढ्या ठिपक्यांत ओठ काढून दिसले नसते. टोपी आली कारण केस काढायला जागा नव्हती. हे १९८१ च्या डाँकी काँगपासूनचं आहे. ज्यांनी एकेका ठिपक्यावर इतका विचार केला, त्यांचे ठिपके एकमेकांत विरघळावेत अशीच त्यांची इच्छा होती, हे मानायला मला जबर पुरावा लागेल.

तो पुरावा मात्र कोणी देत नाही. उलट दिशेचा पुरावा खुद्द निन्टेन्डोनं मागे ठेवला आहे.

१९९३ साली कंपनीनं याच यंत्राच्या दोन नव्या आवृत्त्या काढल्या. जपानमध्ये एव्ही फॅमिकॉम आला. त्याला कॉम्पोझिट आउटपुट दिलं, चॅनलवर चढवण्याची भानगड काढून टाकली. अमेरिकेत एनईएस-१०१ आला. त्यातून कॉम्पोझिटचं सॉकेट काढून टाकलं आणि फक्त अँटेनाची वाट ठेवली, शिवाय पडद्यावर फिकट उभे पट्टे दिसतील असा बोर्ड. एकच कंपनी, एकच वर्ष, त्याच गेम्स. यातलं कुठलं चित्र कलावंताला अभिप्रेत होतं? या प्रश्नाला उत्तर नाही, कारण आउटपुट ठरवणाऱ्यांच्या समोर तो प्रश्नच नव्हता. अमेरिकेतलं यंत्र शेवटच्या दिवसांत स्वस्तात विकायचं होतं, जपानमधल्या नव्या यंत्राला सुपर फॅमिकॉमची केबल चालवायची होती.

त्याच्याही आधी, १९८४ च्या व्हीएस. सिस्टीम आणि १९८६ च्या प्लेचॉइस-१० या आर्केड यंत्रांत निन्टेन्डोनं पीपीयूची आरजीबी देणारी भावंडं बसवली. प्लेचॉइस-१० मध्ये तर घरच्याच गेम्स होत्या, सुपर मारिओ ब्रदर्ससकट. पैसे टाकणाऱ्या लोकांना कंपनी हे चित्र स्वच्छ आरजीबीमध्ये दाखवत होती, आणि ते पाहून त्यांनी घरी एनईएस न्यावा ही तिची अपेक्षा होती. शार्पनं १९८९ मध्ये परवान्यानं काढलेल्या फॅमिकॉम टायटलरमध्येही आरजीबी चिपच होती. सुपर फॅमिकॉमसाठी निन्टेन्डोनं स्वतःच्या नावानं आरजीबी केबल विकली.

फ्रान्सचं उदाहरण मला सगळ्यांत बोलकं वाटतं. तिथे टीव्हीची पद्धत सेकॅम, आणि १९८० पासून टीव्हीला आरजीबी घेणारं स्कार्ट सॉकेट असणं सक्तीचं. एनईएसचा सिग्नल त्या टीव्हींना रंगीत दिसला नसता. तेव्हा निन्टेन्डोनं फ्रान्ससाठीच्या एनईएसमध्ये कॉम्पोझिटचं आरजीबी करणारा जादा बोर्ड आत बसवला. तो कॉम्पोझिटवरूनच आरजीबी बनवत असल्यामुळे चित्राचा दर्जा फार उंचावला नाही, हे खरं. पण इथे मुद्दा दर्जाचा नाही. समोरचा टीव्ही बदलला तेव्हा कारखान्यानंच यंत्राच्या पोटात बोर्ड बसवला. आज टीव्ही पुन्हा बदलला आहे, आणि आम्ही तेच करतो.

आक्षेप घेणाऱ्यांचा सगळ्यांत मजबूत दाखला सेगाच्या मेगा ड्राइव्हवरचा आहे, आणि तो टाळून पुढे जाणं बरोबर होणार नाही. १९९१ च्या सॉनिक द हेजहॉगमध्ये धबधबा उभ्या रेघांनी काढला आहे, एक रेघ पाण्याची, एक मोकळी. कॉम्पोझिटवर त्या रेघा मिसळून पाणी पारदर्शक दिसतं. आरजीबीवर रेघा रेघाच दिसतात. इथे धूसरपणा चित्रकाराचं साधन झाला होता, हे मी विनातक्रार मान्य करतो. ज्याला तो धबधबा तसाच पाहायचा आहे त्यानं कॉम्पोझिट वापरावं. मीही ती गेम तशीच दाखवतो.

पण या एका दाखल्यावरून सगळ्या यंत्रांसाठी कायदा काढता येत नाही. एक तर मेगा ड्राइव्हच्या सॉकेटमध्ये आरजीबी पहिल्या दिवसापासून होतं, म्हणजे सेगानं दोन्ही चित्रं अधिकृतपणे दिली होती आणि फ्रान्समधल्या मुलांनी धबधब्याच्या रेघाच पाहिल्या. दुसरं, मेगा ड्राइव्हची ही युक्ती त्याच्या बारीक आडव्या ठिपक्यांवर, ओळीला ३२० असलेल्या, बेतलेली आहे. फॅमिकॉमचे ठिपके रुंद, ओळीला २५६. शिवाय त्याचा सिग्नल दर ओळीला सरकत जातो, त्यामुळे अशा रेघांतून सलग पारदर्शक रंग न मिळता वळवळणारी जाळी मिळते. फॅमिकॉमच्या ज्या गेम्स मला माहीत आहेत त्यांत सॉनिकच्या धबधब्याच्या तोडीचं, कॉम्पोझिटवाचून उभंच राहणार नाही असं, काही मला आढळलेलं नाही. मेगा ड्राइव्हचा युक्तिवाद फॅमिकॉमच्या गळ्यात घालणं हा या वादातला सर्वांत मोठा घोळ आहे.

त्याच्या खालोखालचा घोळ म्हणजे पिक्चर ट्यूब आणि केबल यांना एकच समजणं. ‘जुन्या टीव्हीवरचं ते मऊ, उबदार चित्र’ असं कोणी म्हणतं तेव्हा त्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. ट्यूबमध्ये इलेक्ट्रॉनचा झोत फॉस्फरवर आदळून ठिपका उजळतो, त्याच्या कडा किंचित पसरतात, उजळ ठिपका गडद ठिपक्यापेक्षा फुगतो, दोन ओळींमध्ये काळी फट राहते. हे सगळं सुंदर आहे आणि चित्रकार ज्या पडद्यांसमोर बसले होते त्यांवरही हे होतंच. केबलमधून येणारी रंगांची गळती आणि सरपटते ठिपके ही निराळी गोष्ट. आरजीबी मॉड केलेला फॅमिकॉम एखाद्या सोनी पीव्हीएम मॉनिटरला, म्हणजे टीव्ही स्टुडिओत आणि इस्पितळांत वापरत त्या ट्यूबच्या मॉनिटरला, जोडून पाहा. ट्यूबचा एकही गुण गेलेला दिसणार नाही, उलट तो प्रथमच निखळ दिसेल. आपल्याकडे स्कार्ट कधी रुजलं नाही, तरी शेवटच्या काळातल्या बऱ्याच फ्लॅट ट्यूबच्या टीव्हींना डीव्हीडी प्लेयरसाठी हिरवा, निळा, लाल असे तीन कॉम्पोनंट सॉकेट दिलेले होते. आरजीबीचं कॉम्पोनंट करणारा एक लहानसा डबा मध्ये ठेवला की त्यांतल्या पुष्कळ टीव्हींवर हे चित्र उतरतं. असे टीव्ही आजही भंगारात किलोच्या भावानं जातात. ज्यांना ट्यूबबद्दल खरोखर आस्था आहे त्यांनी आधी ते वाचवावेत.

आणि ट्यूब मिळालीच नाही तर? मग न उघडलेल्या यंत्राची अवस्था फार वाईट होते, आणि याबद्दल जपणुकीचा आग्रह धरणारे गप्प असतात. फॅमिकॉम २४० ओळींचं पूर्ण चित्र सेकंदाला ६० वेळा पाठवतो. प्रक्षेपणाचा सिग्नल असा नव्हता. त्यात एका वेळी विषम ओळी आणि पुढच्या वेळी सम ओळी येत. ट्यूबला या फरकाचं काही देणंघेणं नव्हतं. आजचा सपाट टीव्ही मात्र कॉम्पोझिटमधून येणाऱ्या २४० ओळींना बहुधा अर्धंच चित्र समजतो आणि लागोपाठची दोन चित्रं एकमेकांत विणू लागतो. फॅमिकॉमला एका आडव्या ओळीत आठांपेक्षा जास्त आकृत्यांचे तुकडे दाखवता येत नाहीत, म्हणून प्रोग्रामर त्यांना आळीपाळीनं दाखवत. मेगा मॅनला मार लागला की तो लुकलुकतो तेही असंच एकाआड एक चित्रात लपवून. विणकाम करणारा टीव्ही ही लुकलुक कधी गिळून टाकतो, कधी तिच्या जागी फणीसारखे दाते दाखवतो. वर चित्र उशिरा येतं, आणि उडी मारायचं बटण दाबल्यावर मारिओ क्षणभर जमिनीवरच राहतो. म्हणजे यंत्र जसंच्या तसं ठेवून आपण गेमची हालचाल बिघडवली. आरजीबी सिग्नल ओएसएससी सारख्या लाइन डबलरमधून नेला तर तो २४० ओळींना २४० ओळीच समजतो आणि पूर्ण फ्रेम साठवून न ठेवता ओळी दुप्पट करून पुढे देतो. गेम बनवणाऱ्यानं मोजून बसवलेला वेळ तिथे जवळपास शाबूत राहतो.

जपानमध्ये बहुतेक भागांत ॲनालॉग प्रक्षेपण जुलै २०११ मध्ये बंद झालं. आज तिथे मिळणाऱ्या टीव्हीत ॲनालॉग ट्यूनर सहसा नसतोच. फॅमिकॉम ज्या देशात जन्मला त्याच देशाच्या नव्या टीव्हीवर न उघडलेला फॅमिकॉम काहीच दाखवू शकत नाही. आपल्याकडे तर तो पहिल्यापासून परका. १९८२ मध्ये भारतात रंगीत प्रक्षेपण आलं ते पाल पद्धतीनं. जपानी फॅमिकॉमचा आवाज चित्रापासून ४.५ मेगाहर्ट्झवर बसलेला, आपल्या टीव्हीला तो ५.५ वर हवा. रंगही एनटीएससी, जुन्या पाल टीव्हीवर चित्र काळं-पांढरं. आज पुण्यात किंवा नागपुरात कोणी जपानहून फॅमिकॉम मागवला आणि त्याला हात न लावण्याची शपथ घेतली, तर त्यानं नेमकं काय जपलं? आरजीबीला पाल-एनटीएससी हा भेदच नसतो, कारण रंग लहरीवर बसवण्याची पायरीच तिथे नाही. आपल्या भागातल्या माणसाला हे यंत्र रंगासकट पाहायचं असेल तर ही सरळ वाट आहे.

एम्युलेटर चालवा, या सल्ल्याबद्दल थोडक्यात. एम्युलेटर लिहिणाऱ्यांबद्दल मला मोठा आदर आहे. पण त्यांचं काम तपासायचं कशावर? खऱ्या यंत्रावरच. चालू यंत्र हे अखेरचं प्रमाण आहे, आणि ते पेटीत ठेवलं तर प्रमाण म्हणून उपयोगाचं राहत नाही. शिवाय डक हंट या गेमची बंदूक ट्यूबच्या झोताकडे पाहून नेम ओळखते. आरजीबी घेऊन ट्यूबवर खेळलात तर ती बंदूक चालते. संगणकाच्या सपाट मॉनिटरसमोर चालत नाही. मॉड करणाऱ्यांनाही मी याच कारणासाठी सांगतो की थेट एचडीएमआय देणाऱ्या बोर्डांपेक्षा ॲनालॉग आरजीबीला पहिली पसंती द्या. केविन हॉर्टन यांचा हाय-डेफ एनईएस हा अप्रतिम अभियांत्रिकीचा नमुना आहे, पण तो तुम्हाला ट्यूबपासून तोडतो. आरजीबीमधून एचडीएमआय नंतर केव्हाही करता येतं.

एका ठिकाणी विरोधकांचं म्हणणं मला वजनदार वाटतं: रंग. २सी०२ च्या आत लाल-हिरवा-निळा असे आकडे नव्हतेच, तर मॉडचा बोर्ड ते आणतो कुठून? सुपर मारिओ ब्रदर्सच्या आकाशाचा रंग-क्रमांक चिपमध्ये निश्चित आहे, पण तो निळा की जांभळट निळा हे टीव्हीनं ती लहर कशी वाचली यावर ठरत होतं. बोर्ड बनवणाऱ्याला त्या प्रत्येक क्रमांकासाठी एक रंग निवडावा लागतो आणि ती निवड त्याची असते. हे मी मान्य करतो. पण कॉम्पोझिटमध्ये ही निवड नव्हती, असं कोणी समजू नये. एनटीएससी टीव्हीवर छटा बदलण्याचं बटणच असायचं. जपानी टीव्हीचा पांढरा रंग अमेरिकी टीव्हीच्या पांढऱ्यापेक्षा निळसर लावलेला असे. खुद्द निन्टेन्डोनं पुढे वी कन्सोलवर या गेम्स विकल्या तेव्हा त्या लक्षात येण्याइतक्या गडद दिसत होत्या, आणि २०१६ च्या छोट्या एनईएस क्लासिकमध्ये रंग पुन्हा वेगळे. एकच खरा रंग-तक्ता कधी नव्हता. टिम वर्थिंग्टन यांच्या एनईएसआरजीबी बोर्डावर एकाहून अधिक तक्ते दिलेले आहेत आणि स्विचनं बदलता येतात. निवड आहे हे त्या बोर्डानं लपवलेलं नाही, ती वापरणाऱ्याच्या हातात दिली आहे. यापेक्षा सचोटीचा मार्ग मला सुचत नाही.

आता नासधुशीचा आरोप. आरजीबीसाठी यंत्रांचा खरोखर बळी दिला जात होता तो काळ मला माहीत आहे. एनईएसआरजीबी येण्याआधी प्लेचॉइस-१० च्या बोर्डावरून आरजीबी देणारी २सी०३ चिप उपटून ती एनईएसमध्ये लावत. म्हणजे एक एनईएस सुधारण्यासाठी एक आर्केड बोर्ड मेला. वर त्या चिपचे रंग निराळे, आणि पडद्याला विशिष्ट रंगाची झाक देण्याची सोय तिच्यात वेगळ्या पद्धतीनं चालत असल्यामुळे काही गेम्समध्ये पडदा भलताच उजळून निघे. त्या पद्धतीचं समर्थन मी कधीच करणार नाही. पुढे ॲनालॉग कंपनीनं ॲल्युमिनियमच्या देखण्या पेटीत जो पहिला एनटी विकला त्यातही फॅमिकॉममधून काढलेल्या मूळ चिपाच होत्या. वर्थिंग्टन यांच्या बोर्डानं हा प्रकार अनावश्यक केला. मूळ २सी०२ तिथेच राहते आणि आपलं काम करत राहते. कुठला ठिपका कुठे पडेल हे अजूनही तीच ठरवते. बोर्ड तिनं निवडलेले रंग-क्रमांक पकडतो आणि त्यांचे लाल-हिरवा-निळा करतो. ज्याला हे नासधूस वाटतं त्यानं हेही सांगावं की सुकलेले कॅपॅसिटर बदलणं नासधूस का नाही, कॅसेट धरणारा ७२ पिनांचा कनेक्टर नवा घालणं का नाही, आणि लाल दिवा लुकलुकू नये म्हणून एनईएसच्या लॉकआउट चिपचा चौथा पाय उचलणं का नाही. हे सगळं तेच संग्राहक सर्रास करतात, आणि बरोबर करतात. मग हरकत यंत्र बदलण्याला नाही, चित्र बदलण्याला आहे, असंच म्हणावं लागेल. आणि चित्राबद्दल मी वर सांगितलं.

दुर्मीळतेचा मुद्दाही तपासून पाहावा. फॅमिकॉम आणि एनईएस मिळून जगभरात ६ कोटी १९ लाख यंत्रं विकली गेली. न उघडलेली यंत्रं संग्रहालयांत आहेत, ती तशीच राहावीत. फॅमिकॉम टायटलरसारख्या थोड्या निघालेल्या यंत्राला मी स्वतः स्क्रूड्रायव्हर लावणार नाही आणि दुसऱ्याला लावू देणार नाही. पण पिवळा पडलेला, सगळ्या देशात सापडणारा, चित्र देत नाही म्हणून कपाटात पडलेला एनईएस या वर्गात येत नाही.

आपल्याकडच्या वाचकाच्या मनात इथे एक वेगळी गोष्ट येईल. समुराई, मीडिया, लिटल मास्टर, टर्मिनेटर अशा नावांच्या यंत्रांवर आपली पिढी कॉन्ट्रा आणि मारिओ खेळली. बहुतेकांनी खरा फॅमिकॉम पाहिलेलाही नव्हता. पालसाठी बनवलेल्या त्या नकला सेकंदाला ५० चित्रं काढत, कॅसेटमध्ये मात्र ६० चित्रांसाठी लिहिलेला प्रोग्राम. त्यामुळे गेम सहा-पंचमांश वेळ घेत चाले आणि मारिओचं संगीतही संथ. तोच मारिओ ६० वर पाहिला की अनेकांना तो घाईत असल्यासारखा वाटतो. ही आठवण मोलाची आहे, पण तिला यंत्राचं मूळ रूप म्हणून पुढे करता येणार नाही. मूळ रूपाचा आग्रह धरायचा असेल तर तो ५० च्या आठवणीच्या विरुद्ध जातो. आठवणीचा आग्रह धरायचा असेल तर त्यात जपानी चित्रकाराचा हेतू ओढू नये. आणि त्या नकलांना हा मॉड बसतही नाही. त्यांतल्या पुष्कळांत सीपीयू आणि पीपीयू मिळून काळ्या इपॉक्सीच्या थेंबाखाली दडलेली एकच चिप असते; जिथून रंग-क्रमांक पकडायचा ते पायच बाहेर नाहीत. त्यांना त्यांच्या पाल ट्यूबसोबतच ठेवा, तिथेच ती शोभतात.

राहता राहिला कामाचा दर्जा, आणि इथे आक्षेप घेणाऱ्यांनी आवाज जितका चढवायला हवा तितका ते चढवत नाहीत. २सी०२ ला ४० पाय आहेत. ते बोर्डावरून सोडवताना उष्णता जास्त झाली की तांब्याचे पॅड उचकटतात, आणि उचकटलेला पॅड पुन्हा बसत नाही. लॅमिंग्टन रोडवर किंवा बुधवार पेठेत मिळणाऱ्या, सोल्डर ओढून घेणाऱ्या हातपंपानं हे काम होतं, पण ज्यानं आधी निकामी बोर्डांवर हात बसवलेला नाही त्यानं चालू फॅमिकॉमवर तो चालवू नये. मोबाइलचे बोर्ड दुरुस्त करणारे कुशल कारागीर आपल्याकडे गावोगावी आहेत. काम त्यांच्याकडे द्यावं, शेजारी बसून पाहावं. चिपच्या जागी सॉकेट घालावं, म्हणजे पुढच्या माणसाला पुन्हा सोल्डर वितळवावं लागणार नाही. यंत्राच्या खोक्याला ड्रिल लावून ओबडधोबड भोक पाडणं, गोंदानं सॉकेट चिकटवणं, सिग्नल चॅनलवर चढवणारा मूळ मॉड्युलेटर काढून कचऱ्यात टाकणं, काय बदललं याची एका कागदावरही नोंद न ठेवणं, हे सगळं चालू आहे आणि ते वाईट आहे. मूळ सुटे भाग पिशवीत घालून यंत्रासोबत ठेवले पाहिजेत, आणि विकताना मॉड केल्याचं सांगितलंच पाहिजे. असं बेफिकीर काम करणाऱ्याचं नाव घेऊन कोणी त्याला जाब विचारणार असेल, तर त्यात मी सोबत यायला तयार आहे.